पीपीएलचं शिक्षण कसं पारखावं आणि परवान्यानंतर हात कसा राखावा

जालन्याच्या एका उद्योजकांनी प्रश्न विचारला आहे. वय चाळिशीच्या आसपास, विमान कंपनीत नोकरी करायची नाही, फक्त हौसेसाठी प्रायव्हेट पायलट लायसन्स (पीपीएल) काढायचं आहे. त्यांच्या ओळखीतल्या दोघांनी पीपीएल केलं. एकाने परदेशात जाऊन अडीच महिन्यांत, पन्नासेक तासांत. दुसऱ्याने महाराष्ट्रातच, दीड वर्ष घालवून आणि सत्तरच्या पुढे तास लावून. यातलं चांगलं शिक्षण कोणाला मिळालं? आणि परवाना हातात आल्यावर, भाड्याचं छोटं विमान घराजवळ नसताना, सराव टिकवायचा कसा? आणि कुटुंबाला सोबत केव्हा न्यावं?

मी मराठवाड्यातलाच आहे आणि बरीच वर्षं उड्डाण शिकवतो आहे. हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. आपल्याकडे सगळी चर्चा सीपीएल (व्यावसायिक परवाना), फी आणि नोकरी यांभोवती फिरते. हौसेने उडणाऱ्या माणसाने सुरक्षित कसं राहायचं, हे त्याला कोणी बसवून सांगत नाही.

तासांच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही, हे आधी सांगतो. डीजीसीएची (आपली विमान वाहतूक नियामक संस्था) पीपीएलसाठी किमान अट 40 तासांची आहे. त्यात एकट्याने केलेली क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणारी, उड्डाणं येतात, आणि त्यांपैकी एक किमान 150 नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेली असावी लागते. अमेरिकेतही किमान आकडा 40 चाच आहे, पण तिथे बहुतेकांना साठ-सत्तर तास लागतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पन्नास तासांत झालेला पायलट उत्तम असू शकतो, सत्तर तासांचाही. दोघेही कच्चे असू शकतात. फरक एकाच गोष्टीने पडतो: शिकताना विमानातले निर्णय कोण घेत होतं?

परदेशात पीपीएल करून आलेला परभणीकडचा एक तरुण माझ्याबरोबर चेकसाठी उडाला होता. लॉगबुक स्वच्छ, बोलणं आत्मविश्वासाचं, सरळ उडणं तर फारच छान. सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधीच्या धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, डाव्या बेसवर (धावपट्टीच्या रेषेला आडव्या टप्प्यावर) आम्ही होतो आणि वारा मागून होता, म्हणजे विमान धावपट्टीच्या रेषेकडे नेहमीपेक्षा जोरात ढकललं जात होतं. फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला, वळायची वेळ झाली तरी तो वळला नाही. वळला तेव्हा रेषा ओलांडून पुढे गेलेलो. आता बँक (वळताना विमानाचा कल) वाढवायची त्याला भीती वाटली, म्हणून त्याने डावा रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक ओढायला सुरुवात केली आणि बँक वाढू नये म्हणून एलरॉन (पंखांवरचे कल बदलणारे पट्टे) उलटे दिले. विमान घसरतंय हे दाखवणारा बॉल उजव्या कडेला जाऊन बसला. नाक खाली जायला लागलं तसं त्याने योक (हातातलं चाक) मागे ओढलं. स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटणं, जवळ आल्याचा भोंगा कुंथायला लागला. जमिनीपासून उंची पाचशे फुटांच्या आत. या उंचीवर विमान स्पिनमध्ये (गरगरत खाली पडण्यात) शिरलं तर बाहेर काढायला जागाच उरत नाही. मी ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान घेतलं, नाक खाली, पंख सरळ, पूर्ण पॉवर, गो अराउंड, म्हणजे न उतरता परत वर.

खाली उतरल्यावर मी त्याला एवढंच विचारलं, की फायनलला कधी वळायचं हे तू कसं ठरवतोस? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘सर, तिकडे इन्स्ट्रक्टर सांगायचे, टर्न नाऊ.’

मुलगा अजिबात मठ्ठ नव्हता. त्याचे हात चांगले होते. पण वारा कुठून आहे, म्हणजे आज लवकर वळायला हवं, आणि रेषा चुकली तर वळण ओढून आणायचं नाही, सरळ गो अराउंड करायचं, हा सगळा विचार दुसऱ्या सीटवरचा माणूस करत होता. परीक्षेच्या दिवशी वारा शांत होता आणि परवाना मिळाला. हे परदेशात झालं म्हणून मी परदेशी शिक्षणाला नावं ठेवणार नाही. इथे शिकलेल्यांतही हेच दिसतं. उजव्या सीटवरून अखंड सूचना देणारा प्रशिक्षक विद्यार्थ्याला आवडतो, कारण प्रत्येक सॉर्टी (उड्डाणाची फेरी) छान जाते. त्याची किंमत पुढे चुकवावी लागते. चांगला प्रशिक्षक दहाव्या-बाराव्या तासापासून गप्प बसायला शिकतो. विमान रेषेच्या थोडं बाहेर जाऊ देतो, उंची शंभर फूट सुटू देतो, तुम्हाला ती दिसते का हे बघतो. हात मात्र योकपासून दोन इंचांवर ठेवतो.

म्हणून संस्था निवडायची असेल तर माहितीपत्रक वाचून किंवा फोनवर ठरवू नका. सकाळी सातला तिथे जाऊन बसा, दोन दिवस बसा. विमान उतरल्यावर काय होतं ते बघा. शिक्षक आणि विद्यार्थी ॲप्रनवरून (विमानं उभी करायच्या जागेवरून) बोलत येतात, फळ्यापाशी थांबतात, वारा कुठून होता, बेसवर काय झालं, पुढच्या वेळी काय करायचं, असं पंधरा-वीस मिनिटं बोलतात का? की शिक्षक उतरायच्या आत पुढच्या विद्यार्थ्याला विमानात बसवतो आणि आधीचा सही घेऊन निघून जातो? पैसे तुम्ही हवेतल्या तासाचे देता, पण शिकणं बरंचसं त्या वीस मिनिटांत होतं.

तिथल्या विद्यार्थ्यांना चहाच्या टपरीवर गाठा आणि तीन-चार गोष्टी विचारा. आतापर्यंत किती प्रशिक्षक बदलले? आपल्याकडे असिस्टंट इन्स्ट्रक्टर बऱ्याचदा तास जमवून विमान कंपनीत जायच्या वाटेवर असतात. त्यात त्यांचा दोष नाही, पण एका पीपीएलमध्ये चार-पाच शिक्षक बदलले तर प्रत्येकजण पहिल्यापासून अंदाज घेत बसतो आणि बिल तुमचं वाढतं. चीफ इन्स्ट्रक्टर स्वतः अधूनमधून प्रोग्रेस चेक घेतात का? तुम्ही स्वतःहून गो अराउंड केला, तर शाबासकी मिळते की तास वाया गेला म्हणून बोलणी बसतात? विमानात बिघाड दिसला आणि स्नॅग लिहिला, तर काय होतं? शेवटच्या प्रश्नावर विद्यार्थी इकडेतिकडे बघायला लागला, तर तिथून उठा. जिथे स्नॅग लिहायला भीती वाटते तिथे कोणत्याही फीत शिकू नये.

डीजीसीएने ऑक्टोबर 2025 पासून उड्डाण प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवारी सुरू केली आहे. पहिल्याच यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. यादी जरूर बघा. सुरक्षेचं आणि व्यवस्थेचं काही मोजमाप त्यात आहे. पण तुमचा शिक्षक कोण असेल, हे तिच्यातून कळत नाही.

कागदावरच्या तासांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. 2011 साली बनावट गुणपत्रिका आणि न उडता भरलेले तास यांचं प्रकरण देशभर गाजलं होतं, परवाने रद्द झाले, अटका झाल्या. पायलट मंडळी अशा तासांना ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात. नोकरीसाठी 200 तास गाठायची घाई असते तिथे हा मोह जास्त, पण हौशी माणसालाही कोणीतरी हळूच सुचवतं: ‘साहेब, तुम्ही बिझी आहात, दोन-चार तास असेच टाकून देऊ.’ तुम्ही एकट्याने उडणार आहात. त्या दोन-चार तासांत जे शिकायचं राहिलं, ते हवेत कोणी भरून देणार नाही. अशा सूचनेनंतर त्या संस्थेत एक दिवसही थांबू नका. फी गेली तरी चालेल.

परदेश की इथे, याचं माझं मत असं. बाहेर हवामान आणि विमानं दोन्ही मिळतात, त्यामुळे आठवड्यात चार-पाच सॉर्टी होतात आणि शिकलेलं विसरायच्या आत पुढचं येतं. लहान, टॉवर नसलेल्या विमानतळांवर उतरायला मिळतं, हाही मोठा फायदा. उणीव अशी, की तिथे तयार झालेला माणूस इथे आल्यावर क्रॉस-कंट्रीला लागणारे एडीसी आणि एफआयसी नंबर (हवाई संरक्षणाची मंजुरी आणि उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक), प्रवासी विमानांमुळे सर्किटबाहेर घालाव्या लागणाऱ्या घिरट्या, आणि आपला उन्हाळा, या सगळ्याला नवखा असतो. इथे शिकणाऱ्याची अडचण उलटी आहे: विमान नादुरुस्त, धुरकट हवा, पावसाळा, शिक्षक रजेवर, असं करत दोन सॉर्टींमध्ये पंधरा दिवस जातात आणि प्रत्येक वेळी अर्धा तास जुनं आठवण्यात जातो. तुमच्या दुसऱ्या मित्राचे सत्तर तास बहुधा असेच वाढले असावेत. इथेच करायचं असेल तर व्यवसायातून सलग सुट्टी काढा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, आणि आठवड्याला किमान तीन सॉर्टी मिळतील अशी हमी आधी घ्या. एक महत्त्वाचं: फी भरायच्या आधी क्लास टू मेडिकल (पीपीएलला लागणारी वैद्यकीय तपासणी) करून घ्या. पैसे भरून मग साखर किंवा रक्तदाबामुळे अडकलेली माणसं मी बघितली आहेत.

आता उन्हाळा. हा विषय इथल्या संस्थांतही घाईने उरकला जातो, म्हणून जरा थांबतो. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फूट. त्या उंचीवर प्रमाण हवामानात तापमान 11 अंशांच्या आसपास धरलेलं असतं. मे महिन्यात दुपारी पारा 42 वर गेला, म्हणजे प्रमाणापेक्षा 31 अंश जास्त. दर अंशाला साधारण 120 फूट धरले तर 3,700 फुटांची भर पडते. म्हणजे विमानाच्या दृष्टीने तुम्ही साडेपाच हजार फुटांवरच्या धावपट्टीवर उभे आहात. हवेचा दाब कमी असेल तर आणखी वर. पंखाला हवा विरळ, इंजिनाला हवा विरळ, प्रॉपेलरलाही विरळ. धाव लांबते, चढ मंदावतो, आणि एअरस्पीड इंडिकेटर मात्र नेहमीचाच आकडा दाखवतो, त्यामुळे डोळ्यांना फसवणूक कळत नाही. सेस्ना 172 एस या छोट्या विमानाच्या हँडबुकातले टेक-ऑफचे तक्ते बघा, ते 40 अंशांपाशी संपतात. आपल्या परभणी-नांदेडची मे महिन्यातली दुपार त्या तक्त्याच्या बाहेर आहे! निर्मात्याने जिथे आकडा दिलेला नाही तिथे आपण अंदाजाने उडायचं नाही. एप्रिल-मे मध्ये साडेआठ-नऊच्या आत उतरून विमान हँगरमध्ये लावा. त्यानंतर खालून गरम हवेचे धक्के बसतात आणि धावपट्टीवर वावटळी फिरतात. फायनलवर असताना वावटळ आडवी आली तर हलक्या विमानाचा वेग क्षणात दहा नॉट वर-खाली होतो.

याच्याच जोडीला लांब धावपट्टीची सवय. चिकलठाण्याची धावपट्टी पावणेतीन किलोमीटरहून लांब आहे. छोट्या सेस्नाला 50 फुटांच्या अडथळ्यावरून येऊन थांबायला समुद्रसपाटीला चारशे मीटरच्या आसपास पुरतात. त्यामुळे इथे वेग दहा नॉट जास्त ठेवला, विमान तीनशे मीटर तरंगलं, तरी काही बिघडत नाही, आणि नेमकं तेच बिघडवतं. शिकतानाच शिक्षकाला सांगा की मला धावपट्टीवरची एक खूण ठरवून द्या आणि तिच्यापुढे ठरावीक अंतरात चाकं टेकली नाहीत तर ते लँडिंग धरू नका.

रेडिओबद्दल थोडक्यात. बीड, हिंगोली, लातूरकडची आपली मुलं विषय पक्का असूनही रेडिओवर दबकतात, इंग्रजी चुकेल म्हणून. टॉवरला शुद्ध व्याकरण नको असतं, ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमाने हवे असतात. घरी रोज दहा मिनिटं मोठ्याने म्हणा, टॅक्सीपासून उतरण्यापर्यंत सगळे कॉल. महिन्याभरात भीड जाते. समजलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायला लाजायचं नाही. न समजता ‘रॉजर’ म्हणणारा पायलट मला सर्वांत जास्त घाबरवतो.

परवान्यानंतरच्या सरावाबद्दल एक जुना अभ्यास सांगण्यासारखा आहे. अमेरिकेच्या एफएएसाठी (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) 1983 मध्ये नव्याने पीपीएल झालेल्यांना परवान्यानंतर 8, 16 आणि 24 महिन्यांनी पुन्हा तपासलं गेलं. घसरण पहिल्या आठ महिन्यांतच ठळक दिसली होती. आणखी महत्त्वाचं म्हणजे, आपलं काय घसरलं आहे याचा स्वतः पायलटांना नीट अंदाज नव्हता. माझा अनुभव तंतोतंत तसाच आहे. सरळ उडणं, वळणं, नेहमीचं लँडिंग हे हातात राहतं, म्हणून माणसाला वाटतं सगळं शाबूत आहे. जातात त्या गोष्टी वेगळ्या: आडव्या वाऱ्यातलं लँडिंग, स्टॉलमधून सावरणं, इंजिन बंद पडल्यावरची पहिली दहा सेकंदं, आणि ‘आज उडायचं नाही’ असं ठरवण्याची तयारी.

प्रवासी नेण्यासाठी मागच्या 90 दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग, हा अमेरिकेतला नियम सगळ्यांना पाठ असतो. दर 24 महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत, हाही तिथलाच. हे कायद्याचे तळ आहेत. शांत सकाळी एका मोकळ्या धावपट्टीवर तीन चकरा मारल्या तर कायदा समाधानी होतो, पण पुढच्या आठवड्यात तेरा नॉट आडवा वारा आला की त्या तीन चकरा उपयोगी पडत नाहीत.

त्यापेक्षा स्वतःला मोजायचं माप घ्या. अमेरिकेच्या पीपीएल चाचणीची मापं जाहीर आहेत आणि कोणालाही वापरता येतात: 45 अंशांच्या बँकेतलं पूर्ण वळण करताना उंची शंभर फुटांहून जास्त हलता कामा नये, वेग दहा नॉटच्या आत, बाहेर पडताना दिशा दहा अंशांच्या आत. नेहमीचं लँडिंग ठरवलेल्या खुणेच्या आधी नाही आणि पुढे चारशे फुटांच्या आत. शॉर्ट फील्ड (छोट्या धावपट्टीवरचं लँडिंग) असेल तर दोनशे. दर वेळी उतरल्यावर वहीत आकडे लिहा. ‘मस्त झालं’ असं लिहू नका. आकडे सलग दोनदा बाहेर गेले तर पुढची सॉर्टी शिक्षकाबरोबर.

मराठवाड्यात राहून हे कसं जमवायचं? विमानासाठी तुम्हाला बारामती, जळगाव, धुळे अशा ठिकाणी जावं लागेल आणि तासाचा दर पाच आकडी आहे, हे धरूनच हिशोब करा. दर महिन्याला एक तास आणि दर तीन महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर एक सॉर्टी, एवढं परवडत नसेल तर परवाना काढायच्या आधी विचार करा, असं मी स्पष्ट सांगतो. सहा महिन्यांतून एकदा पाच तास उडण्यापेक्षा महिन्याला एक तास कधीही चांगला. आणि तो तास हेतू ठरवून उडा: या महिन्यात फक्त आडवा वारा, पुढच्या महिन्यात स्लो फ्लाइट आणि स्टॉल, त्यानंतर इंजिन बंदचा सराव. नुसतं शेतावरून चक्कर मारून फोटो काढणं म्हणजे सराव नव्हे, फोटोला एखादी सॉर्टी वेगळी ठेवा.

ऋतूंचं भान ठेवलं की वर्ष आपोआप आखलं जातं. पावसाळ्यात उडणं कमी होतं. त्या चार महिन्यांत खुर्चीत बसून चेकलिस्ट, संगणकावरचा सिम्युलेटर, नकाशावर मार्ग आखणं, एअर रेग्युलेशन्सची उजळणी. घरचा सिम्युलेटर फ्लेअर (टेकण्याआधी नाक हळूच उचलणं) शिकवत नाही, त्याच्यावर लँडिंगचा भरवसा ठेवू नका. पण इन्स्ट्रुमेंट बघायची शिस्त आणि रेडिओचे क्रम त्याच्यावर छान पक्के होतात. ऑक्टोबरमध्ये परत विमानात बसाल ती पहिली सॉर्टी प्रशिक्षकाबरोबरच, कितीही तास झालेले असोत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला सोन्याचा काळ. फक्त सकाळचं धुरकट नीट ओळखा. मार्चपासून दुपारनंतर वळवाचे ढग बघायला शिका. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने गारपीट कशी सोसली, हे शेतकऱ्यांना विसरता येत नाही. तसा ढग बाजूला दिसला तर किमान वीस मैल लांब राहायचं. त्याच्या पुढे धावणारा वारा ढगापेक्षा आधी धावपट्टीवर पोचतो.

धुरकटात किंवा ढगात शिरण्याबद्दल एक आकडा मी प्रत्येकाला सांगतो. 1954 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचं शिक्षण नसलेल्या 20 जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवून बघितलं. सगळ्यांचं विमान हाताबाहेर गेलं, सरासरी 178 सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे: थोडकं शिक्षण देऊन बघितल्यावर त्यांतले बहुतेक शांतपणे 180 अंशांत वळून बाहेर येऊ शकले. म्हणून दर तिमाहीच्या प्रशिक्षक-सॉर्टीत दहा मिनिटं डोळ्यांवर हूड लावून हेच एक वळण करा. हळू, कमी बँक, उंची राखून.

इंजिन बंद पडण्याचा सराव आपल्या भागात वेगळ्या डोळ्यांनी करायला हवा, आणि इथे शेतीची माहिती असलेला माणूस पुस्तकी पायलटापेक्षा पुढे असतो. सेस्ना 172 हजार फुटांतून साधारण दीड नॉटिकल मैल तरंगत जाते. जमिनीपासून तीन हजार फुटांवर असाल तर साधारण चार मिनिटं हातात असतात. वेग 68 नॉटवर आणा, शेत निवडा, मग इंजिन परत सुरू होतं का ते बघा. याच क्रमाने. शेत कोणतं? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीन काढलेलं रान उत्तम, सपाट आणि मोकळं. हरभराही चालेल, पीक बुटकं असतं. तूर आणि कपाशी टाळा, खोडं जाड असतात. जानेवारीत वाळलेल्या पऱ्हाट्या वरून निरुपद्रवी दिसतात, तशा त्या नसतात. रब्बी ज्वारी माणसाच्या डोक्याला लागते. गोदाकाठचा आणि मांजरेच्या पट्ट्यातला ऊस वरून हिरव्यागार गादीसारखा दिसतो, त्याला भुलू नका, चाकं त्यात अडकली की विमान तोंडावर पालथं होतं. पावसाळ्यातली ओली काळी माती चाकं धरून ठेवते, तिथेही तोच धोका. एप्रिल-मे मध्ये खोल नांगरट झालेल्या रानात ढेकळं असतात. दुसरा पर्याय नसेल तर नांगराच्या रेषांना समांतर उतरा, आडवं कधीही नाही. बालाघाटाच्या माळावर गवत दिसतं आणि खाली दगड असतात.

तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असंच धरा, विशेषतः विहिरीकडे जाणारी. विहिरींना कठडे नसतात. शेततळी मात्र प्लास्टिकमुळे चमकतात, ती लांबून ओळखू येतात. जालना-संभाजीनगरवरून जाताना समृद्धी महामार्ग खाली सरळ पसरलेला दिसतो आणि पहिला विचार त्याचाच येतो. वाहनांचा वेग, वरून जाणारे पूल, दुभाजक आणि दिव्यांचे खांब आठवा. दोन्ही बाजूंना मोकळं रान असताना मी रस्ता निवडणार नाही. गाडीने लातूरहून नांदेडला जाताना खिडकीतून हाच खेळ खेळत जा: आत्ता इंजिन बंद पडलं तर कुठे? विमानाशिवाय होणारा हा सराव मी वर्षभर करतो.

सरावासाठी एक मार्गही सुचवतो, परवानग्या आणि पार्किंगची आधी चौकशी करून. संभाजीनगर ते लातूर ते नांदेड आणि परत, असा त्रिकोण साधारण 290 नॉटिकल मैलांचा होतो. पहिल्या टप्प्यात नाथसागर उजव्या हाताला दिसत राहतो, पुढे बालाघाटाची रांग ओलांडावी लागते, परतीला गोदावरीचं खोरं. जीपीएस बंद करून, नकाशा मांडीवर घेऊन, घड्याळ आणि होकायंत्रावर हा त्रिकोण प्रशिक्षकाबरोबर एकदा करा. दर दहा मिनिटांनी आपण कुठे आहोत हे नकाशावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की कुटुंबाला केव्हा न्यावं. परवान्यानंतर लगेच नको. आधी त्याच मार्गावर, त्याच विमानात दोन-तीनदा एकट्याने किंवा प्रशिक्षकाबरोबर जाऊन या. मग एकाच व्यक्तीला घेऊन अर्ध्या तासाची चक्कर. सेस्ना 172 चार सीटची असली तरी टाक्या पूर्ण भरल्या की सुमारे अडीचशे किलोच उरतात, म्हणजे तिघं मोठी माणसं, सामान नाही. चौघांना न्यायचं तर इंधन मोजून कमी भरावं लागेल आणि वजनाचा कागद दर वेळी पेनाने करावा लागेल. घरच्यांना निघायची वेळ कधीच पक्की सांगू नका. ‘हवा बघून ठरवू’ एवढंच सांगा, म्हणजे रद्द करताना मन कचरत नाही. विमानात बसल्यावर पट्टा कसा सोडायचा आणि दार कसं उघडायचं हे त्यांच्याकडून एकदा करून घ्या. टेक-ऑफपासून हजार फुटांपर्यंत आणि सर्किटमध्ये शिरल्यापासून थांबेपर्यंत तुमच्याशी कोणी बोलणार नाही, फक्त दुसरं विमान किंवा पक्षी दिसला तर बोट दाखवून सांगायचं. आणि पहिली वेळ नोव्हेंबर-डिसेंबरमधली निवडा, सकाळी, धुरकट विरल्यावर.